फायबरला भाव नाही

मुनीरशेठच्या वजनकाट्यामागे
ती अकरा वर्षं उभी होती, वजन न होता.
चासीचं लोखंड रोलिंग मिलला गेलं असतं,
वितळून गज झालं असतं,
कुणाच्या तरी स्लॅबमध्ये निजलं असतं.
पण अंग फायबरचं,
आणि जालन्यात फायबरला भाव नाही.
"कापायची मजुरीच अंगावर येते," शेठ म्हणाले,
"घेऊन जा. बाभळीसकट घेऊन जा."

बाभूळ खरंच होती.
फ्लोअर फोडून वर आलेली,
स्टिअरिंगमागे बसल्यासारखी.

दोन सीटची, लाल. म्हणजे कधीकाळी लाल,
आता वाळल्या डाळिंबाच्या सालीची.
छत शेळ्यांनी खाल्लेलं.
एअर फिल्टरमध्ये कुंभारणीचं घर, गिलाव्यासकट.
डाव्या सीटखाली केसांचा एक चाप
आणि पेट्रोलची पावती,
दोनशे रुपये, तारीख उडालेली.
पावती फेकली. चाप नाही फेकला.

मी टर्नर. बावीस वर्षं लेथवर
दुसऱ्यांच्या मापाचं कातत आलो.
हिचा पार्ट मिळत नाही.
औरंगाबादला हसले, पुण्याला फोन उचलला नाही.
मग झिजलेला बुश तळहातावर घेऊन बसलो,
जितका झिजला तितकं मनात परत भरलं,
आणि जुन्या पंपाच्या पितळेतून
नवा कातला. दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा असा बसला
की शेडमध्ये मी एकटाच "वा" म्हणालो.

अंगाच्या भेगा मे महिन्यातल्या रानासारख्या.
कापड आणि रेझिन कूलरवाल्या तौफिककडे,
पण उन्हाळ्यात तो देवालासुद्धा भेटत नाही.
"जूनमध्ये ये." जूनमध्ये गेलो.
आठवडाभर अंग खाजवत झोपलो.

डोईफोडेमामांना आता दिसत नाही फारसं.
चाळीस वर्षं एसटीच्या डेपोत गेली.
लांब पेचकसाचं टोक इंजिनवर, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकतात.
"तिसऱ्याला दमा हाय. बाकीचे खोटं बोलायलेत."

नळ नवव्या दिवशी.
रेडिएटरला सहा लिटर लागतात, आणि तो गळतो.
शालन हंडे मोजते, मी पान्यांकडे बघतो.
बोअरचं चालत नाही, नळ्यांना चुना धरतो.
शेवटी डॉक्टर बोंद्रेंच्या दवाखान्यामागे
एसीची नळी ठिबकते तिथे कॅन ठेवला.
रोज अडीच लिटर.
तापाने फणफणलेल्या माणसांच्या खोलीतून
थेंब थेंब निघालेलं पाणी
माझ्या इंजिनाचा ताप उतरवतं.
रविवारी दवाखाना बंद.

पाडव्याला सुरू करायची ठरवली होती.
पाडवा गेला. पुढचाही गेला.
मग एका बुधवारी, काही कारण नसताना,
चावी फिरवली आणि ती खोकली,
काळा धूर, कुत्री पळाली,
आणि थांबली नाही.

अंबड रोड. प्रत्येक गतिरोधकावर पोट घासत.
उसाच्या ट्रॅक्टरने मागे टाकलं,
मोपेडवरच्या पोराने वळून विचारलं,
"काका, बॅटरीवर हाय का?"
मोसंबीच्या बागांपाशी रस्ता मोकळा झाला तेव्हा
तिसरा पडला, चौथा पडला,
छप्पर नव्हतंच, आभाळ डोक्याला लागून चाललं होतं.
शालन काहीतरी ओरडली. वाऱ्याने नेलं.
मी विचारलं नाही,
एक्सलेटरवरचा पाय काढावा लागला असता.

अकराव्या किलोमीटरला काटा लालमध्ये.
वाफ. कॅन घरी.
बॉनेट उघडून आम्ही दोघं
एखाद्याच्या आजारपणाला आल्यासारखे उभे.

शालनने पदर खोचला.
वाऱ्याने पिंजलेले केस गोळा केले,
डॅशबोर्डच्या खणात चाचपून
तो चाप काढला, दातांनी उघडला,
लावला.
"हं," ती म्हणाली, "न्यूट्रलला घे."

उद्या वॉटर पंप उघडतो.